कोनशिलेवरचा उपग्रह

माझा धंदा दुसऱ्यांची नावं मोठी करण्याचा. नगरच्या एका छापखान्यात मी आधी शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवले, मग कॉम्प्युटरसमोर बसले आणि फ्लेक्सचं मशीन आल्यापासून निवृत्त होईपर्यंत ‘डिझायनर मॅडम’ म्हणून मिरवले. वाढदिवसाचे फ्लेक्स, निवडीचे फ्लेक्स, फेरनिवडीचे फ्लेक्स, आणि निवड झालीच नाही त्यांचे ‘आपण दाखवलेल्या प्रेमाबद्दल आभारी’ असे फ्लेक्स. जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा जो तो आपलं मत सांगत होता. आम्हाला मत नव्हतं. आम्हाला पाट्यांच्या ऑर्डरींतून मान वर करायला फुरसत नव्हती.

या धंद्यात माणूस फार लवकर कळतो. फ्लेक्सवर तो सगळ्यात आधी स्वतःचं नाव शोधतो. ते सापडलं की दुसऱ्याचं नाव आपल्यापेक्षा मोठं नाही ना, ते बघतो. एका युवा नेत्यानं तर माझ्या स्क्रीनला वीत लावून स्वतःचं आणि चुलतभावाचं नाव मोजलं होतं. बाकी मजकुरात मी काहीही लिहिलं असतं तरी त्याला पत्ता लागला नसता. हे मी तेव्हा गमतीनं म्हणत असे.

पन्नाशी उलटल्यावर मला स्वतःचा फॉन्ट करायची हौस आली. लग्नपत्रिकेतली ती वळणदार, वेलबुट्टीची अक्षरं जुळवून जुळवून मी कंटाळले होते. मला पुढच्या शतकातली मराठी हवी होती. म्हणून मी ठरवलं, एक चौकोन आणि एक पाव वर्तुळ, एवढ्या दोनच तुकड्यांतून अख्खी बाराखडी उभी करायची. काना म्हणजे सरळ पट्टी. ‘त’चं पोट म्हणजे पाव वर्तुळ. अनुस्वार चौकोनी. आणि डोक्यावरची रेघ, जिला आम्ही शिरोरेघ म्हणतो, ती साफ काढून टाकली. वाचणाऱ्याला वाटेल यात काय मोठं. इंग्रजीत सव्वीस अक्षरं काढली की माणूस हात धुऊन जेवायला बसतो. आपल्याकडे अक्षरं संपली की वेलांट्या, उकार, रफार सुरू होतात, आणि ते संपले की जोडाक्षरं दारात उभी असतात. ‘ष्ट्य’ दोन तुकड्यांतून बसवताना मी रडले आहे, खरोखर रडले आहे. दिवसा छापखान्याचं काम आणि मधल्या सुट्टीत माझं, असं करत काही वर्षांनी फॉन्ट झाला. नाव ठेवलं ‘उपग्रह’.

पहिला प्रिंट मी मोठ्या मानानं आमचे मालक इक्बालभाई यांच्यासमोर धरला. त्यांनी तो उभा पाहिला, आडवा पाहिला.

“मॅडम,” ते म्हणाले, “हे वाचायचं का दाबायचं?”

लिफ्टची बटणं, म्हणायचं होतं त्यांना. दोन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

इथं धंद्यातली एक गोष्ट सांगते. असल्या अक्षरांना डिस्प्ले फॉन्ट म्हणतात. त्यांचं काम लांबून लक्ष वेधणं. मोठ्या आकारात, दोन किंवा तीन शब्द, बस. दुकानाचं नाव, कार्यक्रमाचं नाव. परिच्छेदच्या परिच्छेद त्यात लिहायचे नसतात. लग्नात ताशा वाजतो म्हणून कुणी तो घरी नेऊन अंगाईला वाजवत नाही. मी ही सूचना फॉन्टबरोबर लिहून ठेवली होती आणि ती कुणीही वाचली नाही.

‘उपग्रह’ बाहेर पडला कसा, ते मला आजवर कळलेलं नाही. कुणाच्या तरी पेन ड्राइव्हमधून गेला असेल. नगरच्या एका जिमवर तो दिसला तेव्हा मला आनंद झाला. सलूनवर दिसला तेव्हाही झाला. मग तो दशक्रियेच्या फ्लेक्सवर आला. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ माझ्या अक्षरांत, खाली गॉगल घातलेले आजोबा. आजोबा वारले नसून त्यांना अग्निबाणात बसवून वर पाठवलंय असं वाटत होतं. पाथर्डीच्या एका मुकादमानं तो जीपच्या काचेवर इतका मोठा घेतला की ड्रायव्हरला रस्ता दिसण्यासाठी फक्त ‘ठ’च्या पोटातलं भोक उरलं. काष्टीहून एक वधूपिता पत्रिका घेऊन भांडायला आले.

“वरची रेघ कुठं गेली? छपराबिगर घर दिसतंय हे! आमच्या पोरीचं लगीन हाय, काय पडकं बांधकाम न्हाई.”

मी त्यांना आधुनिकता समजावली. त्यांनी ऐकून घेतलं आणि त्यांच्या पुतण्यानं माझ्या सगळ्या अक्षरांवरून एक लालभडक रेघ ओढली. जिल्हाभर पुढे तीच आवृत्ती जास्त चालली. माझ्या पुढच्या शतकावर लोकांनी पत्रे टाकून घेतले.

हे सगळं मी हसत सोसलं. पण एक काम असं आलं की त्यात हसण्यासारखं फार होतं आणि हसू येत नव्हतं.

कर्जत तालुक्यातलं एक गाव. नाव सांगत नाही, इक्बालभाईंनी शपथ घातली आहे. गावात सरकारी दवाखान्याचं उपकेंद्र बांधून तयार होतं. शिमग्याला रंग लागला होता आणि दिवाळी तोंडावर आली तरी दाराला कुलूप होतं. खोल्या झाल्या होत्या, नळ झाले होते, मागं सिस्टरला राहायला क्वार्टर झालं होतं. झाली नव्हती फक्त कोनशिला. म्हणजे दाराशेजारच्या भिंतीत बसवायचा तो ग्रॅनाइटचा दगड, ज्यावर उद्घाटन कुणाच्या हस्ते आणि कुणाच्या उपस्थितीत ते कोरतात. दगडाशिवाय उद्घाटन नाही, उद्घाटनाशिवाय कुलूप निघणार नाही, असा तिढा.

दगडाचं अडलं होतं दोन नावांवर. एक अण्णा, त्या भागातले पुढारी, दवाखाना आपण आणला म्हणणारे. दुसरे तात्या. सरपंच त्यांच्या पत्नी, पण सरपंचपद तात्याच वापरत. प्रमुख पाहुणे साहेब, त्यांच्याबद्दल वाद नव्हता. साहेबांच्या खाली आधी अण्णा की आधी तात्या, एवढाच प्रश्न. मी दोन्ही नावं एका ओळीत घेतली, तर डावीकडे कोण यावर बिनसलं. दोन वेगळे दगड सुचवले, तर दारातून आत जाताना आधी कुठला दिसतो यावर बिनसलं. प्रूफमागून प्रूफ जात होतं आणि फुल्या मारून परत येत होतं.

एक दिवस त्या उपकेंद्राच्या सिस्टर स्वतः छापखान्यात आल्या. मंगल सिस्टर, पाथर्डीकडच्या, आवाज खणखणीत. त्यांना कापडी बॅनर हवा होता: ‘दवाखाना तात्पुरता तालमीत आहे.’

“तालमीत?” मी विचारलं.

“मंग कुठं? इमारतीला कुलूप हाय. गावानं तालमीचा कोपरा दिलाय, साडी बांधून. हिकडं पोरं जोर-बैठका मारत्यात, तिकडं मी बायांचं पोट तपासते. परवा एकीला कळा सुरू झाल्या. तिला काय लाल मातीत झोपवू? कर्जतला न्यायला जीप काढली, तर पोर जीपमधीच झालं. ड्रायव्हर गाडीतून उडी मारून पळाला.”

“आणि तुम्ही?”

“मी व्हते दिवसा म्हनून. रातीचं काय? मी कर्जतवरून येनं-जानं करते. राहायचं क्वार्टर बी कुलपातच हाय की. ह्या महिन्यात अजून दोघीजनी भरत आल्यात.” मग माझ्या टेबलावरचं कोनशिलेचं प्रूफ त्यांना दिसलं. “हेच का ते?” त्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्यांनी बोटानं त्यावरच्या फुल्या मोजल्या आणि त्या बॅनर घेऊन गेल्या. मला अतिशय लाज वाटली. फुल्या मी मारल्या नव्हत्या, तरी वाटली.

त्याच आठवड्यात अण्णांनी नगरच्या त्या जिमवर माझा फॉन्ट पाहिला. लगेच फोन. “मॅडम, ते राकेटवानी अक्षर पायजे आपल्या दगडाला. लोकं म्हनली पायजेत, गाव फुडं गेलं.” तात्यांना बातमी लागली. त्यांचाही फोन: “अण्णाच्या आधी मीच सांगनार हुतो ते अक्षर.” मी जीव तोडून सांगितलं की हा फॉन्ट दोन शब्दांचा आहे, आठ-दहा ओळींचा नाही, दगडावर तर नाहीच नाही. कोण ऐकतो? मी संतापून प्रूफ काढलं. साहेबांच्या खाली अण्णा, त्यांच्या खाली तात्या. म्हटलं, फुली पडेल आणि हा फॉन्टचा नाद सुटेल.

तात्या प्रूफ बघायला छापखान्यात आले. कागद हातभर लांब धरला. चेहरा उजळला.

“झ्याक! माझं नाव अण्णाच्या वर घेतलंत, हे बेस केलं. त्याला आता कळंल.”

आणि त्यांनी ज्या ओळीवर बोट ठेवलं ती ओळ होती ‘जिल्हा अहिल्यानगर’.

मी कागद परत घेतला. इतकी वर्षं खपून मी अक्षरं काढली होती आणि या माणसाला त्यात स्वतःचं नाव ओळखता येत नव्हतं. ज्याला फ्लेक्सच्या जंगलात स्वतःचं नाव चालत्या मोटरसायकलवरून दिसतं, त्याला! संध्याकाळी अण्णा आले. त्यांनी बोट ठेवलं ते तालुक्याच्या नावावर, आणि तेही खूश. दोघांनाही कबूल करायचं नव्हतं की आपल्याला वाचता येत नाही. गाव पुढं गेलं होतं ना.

ते गेल्यावर मी बसून राहिले. इक्बालभाईंनी चहा मागवला, तो गार झाला. आपला फॉन्ट वाचता येत नाही, हे डिझायनरला सांगणं म्हणजे आचाऱ्याला सांगणं की तुझं जेवण गिळवत नाही. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण वाईट वाटता वाटताच डोक्यात एक किडा वळवळायला लागला. दोघंही खूश आहेत. दोघांनाही वाचता येत नाही. मग दगडावर या दोघांची नावं असलीच पाहिजेत असं कुठं आहे?

मी मंगल सिस्टरांना फोन लावला. “दवाखान्याबद्दल गावाला काय काय कळायला हवं, ते ओळीनं सांगा.”

ते दगडावर कोरायचा बेतही सांगितला. त्या म्हणाल्या, “मॅडम, माझी नोकरी जाईल.”

“तुम्हाला काही माहीत नाही. दगड छापखान्याचा. चूक माझी.”

“मंग घ्या लिहून,” त्या म्हणाल्या आणि एका दमात त्यांनी सगळं सांगितलं. जणू महिनोन्महिने ओठांवर आलेलं होतं.

सगळ्यात वर एकच शब्द मी मोठा आणि नेहमीच्या अक्षरांत ठेवला: ‘आरोग्य उपकेंद्र’. शब्द दोन होतात, मला माहीत आहे. संतापात मोजणी चुकते. त्याखाली सगळं उपग्रहात. ओळी जुन्या प्रूफमध्ये होत्या तितक्याच, आणि लांबीलाही जवळपास तितक्याच. या फॉन्टचा एक गुण असा की प्रत्येक अक्षर सारख्या चौकोनात बसतं, त्यामुळे कुठलीही ओळ कुठल्याही ओळीसारखीच दिसते. एरवी हा दोष आहे. इक्बालभाईंनी कागद बघितला. “सगळी नावं आली ना?” मी म्हटलं, “जे लागतं ते सगळं आलंय.” त्यांनी सही केली. ग्रॅनाइटवाला तर मशीनला फाइल लावतो आणि तंबाखू मळत उभा राहतो. त्यानं आजवर कुठला दगड वाचला होता?

तात्यांचा फोन आला, “माझं वरच हाय ना?” मी म्हटलं, “तात्या, सगळ्यात महत्त्वाचं तेच सगळ्यात वर घेतलंय.” अण्णांनाही तेच उत्तर दिलं. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं.

उद्घाटनाला मी गेले. घरी बसवेना. मांडव होता, फेटे होते, डीजे होता. साहेबांनी दोरी ओढली, पडदा सरकला आणि काळ्याभोर दगडावर माझा उपग्रह चमकला. लोक बघत होते. माझ्या आयुष्यात एवढ्या माणसांनी एका वेळी माझ्या अक्षरांकडे कधी बघितलं नव्हतं. मग अण्णांनी टाळी वाजवली, लगेच तात्यांनी अण्णांपेक्षा मोठी वाजवली, आणि मांडवभर टाळ्या झाल्या. शाळेचे मुख्याध्यापक दगडाजवळ गेले, चष्मा पुसला, वाचू लागले. त्यांना वाचता आलं असावं, कारण ते हसले. आणि लगेच खोकले. त्यांची बदली अण्णांच्या हातात होती.

मग फोटो. तात्या एका ओळीवर बोट ठेवून उभे राहिले. ओळ होती ‘लहान मुलांचं लसीकरण दर बुधवारी’. अण्णांनी त्यांना ढकलून दुसऱ्या ओळीवर हात ठेवला: ‘कुत्रा चावल्यास लगेच या’. साहेबांनी मला हळूच विचारलं, “माझं कुठंय?” मी म्हटलं, “मधोमध, साहेब.” मधोमध होतं ‘बाळंतपणाला कोणतंही शुल्क नाही’. साहेबांनी त्या ओळीला हात जोडले. का जोडले देव जाणे, पण फोटो चांगला आला. दुसऱ्या दिवशी तो फ्लेक्सवर छापायला आमच्याकडेच आला आणि मी तो मन लावून केला.

कुलूप मात्र त्याच दुपारी निघालं. मंगल सिस्टरांनी पाहुण्यांची पाठ वळायच्या आत तालमीतलं सामान हलवलं आणि क्वार्टरला स्वतःची गादी टाकली. माझ्याजवळून जाताना माझा हात दाबला, चांगला दुखेपर्यंत.

इक्बालभाईंना मी खरं सांगितलं ते निवृत्त होताना, निरोपाच्या पेढ्याबरोबर. त्यांच्या घशात पेढा अडकला. शपथ त्यांनी तेव्हाच घातली. अण्णा आणि तात्या ही गोष्ट छापलेला अंक वाचतील अशी भीती त्यांना आहे, मला नाही. त्या दोघांना फक्त स्वतःचा फोटो असलेलं पान उघडायची सवय आहे.

माझं दुखणं वेगळंच होतं. लोक अभिनंदन करायचे की तुमचा फॉन्ट जिल्हाभर दिसतो, आणि मला आतून तात्यांचं ते बोट दिसायचं. माझ्या अक्षरांनी उभ्या जन्मात एकच चांगलं काम केलं, आणि तेही वाचता येत नव्हती म्हणून. हे कुणाला सांगायचं? घरात फॉन्टची फाइल मी बरेच दिवस उघडलीसुद्धा नाही.

यंदा मंगल सिस्टरांनी बोलावलं म्हणून त्या गावाला पुन्हा गेले. त्या आत कामात होत्या, मी ओट्यावर टेकले. शेजारी एक तरुण बाई बसली होती, मांडीवर तान्हं बाळ, लसीला आलेली. बाळ रडायला लागलं की ती उठून दगडापुढं येरझाऱ्या घालायची. तेवढ्यात एक म्हातारबा आले आणि बुधवार आजच ना, म्हणून विचारू लागले. ती दगडाकडे बोट करून म्हणाली, “आजच. हितं लिव्हलंय की.”

मी उडालेच. “तुम्हाला हे वाचता येतं?”

“येतंय की.”

“सगळं?”

“पयल्यांदा न्हाई आलं. हे आपलं नक्षी काढल्यावानी वाटायचं.” तिनं बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं. “मंग ह्याच्या येळंला राती कळा सुरू झाल्या. मालक उसाच्या गाडीवर गेल्यालं, घरात सासू, तिला दिसत न्हाई. आलो दोघी चालत. हितं ओट्यावर बसले. सिस्टर हायेत का न्हाईत, कुनाला ठावं! हा बल्ब व्हता. त्या उजेडात एकएक अक्षर लावलं. कळ आली की थांबायचं, गेली की फुडचं अक्षर.”

आणि तिनं शेवटच्या ओळीवर बोट ठेवून मला वाचून दाखवली. सावकाश, शाळेत शिकवतात तशी, एकाही अक्षराला न अडता: “रात्री दार वाजवा. सिस्टर इथंच राहतात.”

पुढचं तिनंच सांगितलं.

“वाजवलं,” ती म्हणाली. “उघडलं.”